पीडितांच्या हक्काची मदत

गुन्हा घडला की चर्चा होते ती पोलिसांची, कोर्टाची, आरोपीची. ज्याच्यावर तो प्रसंग ओढवला त्याच्या दवाखान्याच्या खर्चाचं, बुडालेल्या मजुरीचं काय? कायद्यात याची तरतूद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 नुसार पीडितांसाठी, तसंच त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी, राज्याने भरपाईची योजना करायची असते. आरोपी सापडला नाही तरीही अर्ज करता येतो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी ती सुरू झाली. आधी जास्तीत जास्त 3 लाख रुपये मिळत, पुढे ही मर्यादा 10 लाखांवर गेली.

अर्ज कुठे करायचा? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. एफआयआरची प्रत आणि वैद्यकीय कागद सोबत न्या. अर्ज लिहिता येत नसेल तर संकोच करू नका, तिथे मदत मिळते. महिलांना तर उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हायला हवी, म्हणून अर्जाची पोच जरूर मागून घ्या.

उपचारांसाठी मात्र यातल्या कशाचीच वाट पाहायची नाही. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तात्काळ आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत. नकार देणं हा गुन्हा आहे. कायदेविषयक मदतीसाठी फोन क्रमांक आहे 15100.