बंदिवानाची श्मश्रू



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हंसूं आलें असेल. तुरुंगांतील माणसाची दाढी हा कांहीं भाषणाचा विषय झाला काय? ज्याला कोंडून ठेविलें, त्याच्या गालांवर खुंट वाढले म्हणून कोणाचें काय बिघडलें? परंतु ज्युबिली म्हणजे मुळांत बांधलेल्यांच्या मुक्ततेचें वर्ष. अशा वर्षीं बंदिवानाची आठवण अस्थानीं होणार नाहीं. आणि आठवण करावयाची, तर त्याच्या मुखाकडे पाहिल्यावांचून ती कशी करावी?

उत्पत्तीच्या पुस्तकांतील योसेफाची हकीकत आपण सर्वांनीं ऐकिली आहे. फारोचें बोलावणें येतांच त्याला घाईघाईनें अंधारकोठडींतून बाहेर काढिलें. राजा वाट पाहत होता. तरीहि योसेफ आधीं श्मश्रू करून व वस्त्रें बदलून मगच दरबारीं गेला. शास्त्रानें हा बारकावा उगाच नोंदविलेला नाहीं. याच्या उलट हकीकत दावीद राजाच्या दूतांची. अम्मोनी राजा हानून यानें त्यांची अर्धी दाढी मुंडून त्यांना परत धाडिलें. ते इतके लज्जित झाले कीं, दाढी वाढेपर्यंत यरीहो येथेंच राहा, असा निरोप दावीदाला पाठवावा लागला. वस्तरा तोच, स्वेच्छेनें फिरला तर मान देतो, बळजबरीनें फिरला तर मान हिरावून घेतो.

तुरुंगांच्या इतिहासांत याचा प्रत्यय पदोपदीं येतो. रशियन ग्रंथकार दोस्तोयेव्हस्की यानें १८५० ते १८५४ हीं वर्षें सैबेरियांतील ओम्स्क येथें सक्तमजुरींत काढिलीं. तेथें कैद्यांचें अर्धें डोकें भादरीत. थंड पाण्याचा साबण व बोथट वस्तरे यांच्या यातना चुकविण्यासाठीं स्वतःचा वस्तरा बाळगणाऱ्या एका सोबत्याला एक कोपेक देण्याची सोय होती, असें त्याच्या ग्रंथावरून कळतें. ज्याच्यापाशीं जवळजवळ कांहींच उरलेलें नाहीं, तो आपला एकुलता पैसा कशावर खर्च करितो, हें लक्ष्यांत घ्या.

याहून भयंकर उदाहरण आउश्वित्झ येथील नाझी छावणीचें. तेथें दाखल केलेल्या माणसाचे सर्व केस कापीत व नांवाऐवजीं हातावर आंकडा गोंदीत. इटालियन रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेव्ही १९४४ सालीं तेथें बंदी होता. साबण नाहीं, पाणी घाण; मग तोंड तरी कशाला धुवावें, असें त्याला वाटूं लागलें. तेव्हां एका जुन्या शिपाईगड्यानें त्याला बजाविलें कीं, आम्हांला पशु करण्यासाठींच ही छावणी आहे, म्हणूनच तोंड धुतलें पाहिजे. १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत लेव्हीनें हा प्रसंग दिला आहे. व्हिएन्नाचे वैद्य व्हिक्टर फ्रांकल यांनाहि अनुभवी बंद्यानें असाच उपदेश केला: कांचेच्या तुकड्यानें का होईना, रोज दाढी करा, त्यासाठीं शेवटचा भाकरीचा तुकडा द्यावा लागला तरी द्या. कारण ज्याचा चेहरा रोगट दिसे, त्याला विषारी वायूच्या कोठडीची वाट दाखवीत. तेथें श्मश्रू म्हणजे प्रत्यक्ष प्राण होता.

जगानें यांतून कांहीं धडा घेतला. १९५५ सालीं जिनीव्हा येथें संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनें बंदिवानांसंबंधीं किमान नियम ठरविले. १७ डिसेंबर २०१५ रोजीं त्यांची सुधारणा होऊन त्यांस नेल्सन मंडेला यांचें नांव मिळालें. त्यांतील अठरावा नियम सांगतो कीं, बंदिवानानें अंग स्वच्छ राखावें, व त्यासाठीं पाणी आणि साहित्य तुरुंगानें पुरवावें. केस व दाढी यांची निगा राखण्याची सोय असावी आणि पुरुषांना नियमितपणें दाढी करितां यावी. कारण काय दिलें आहे? स्वाभिमान! स्त्रियांसाठीं २०१० च्या बँकॉक नियमांनीं मासिक धर्माच्या वेळीं लागणारे स्वच्छ पट्टे विनामूल्य देण्यास सांगितलें. श्रद्धेमुळें दाढी राखूं इच्छिणाऱ्याचाहि विचार झाला आहे. अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांत एका मुसलमान बंद्याला अर्धा इंच दाढी राखूं देत नव्हते. २०१५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं तुरुंगांतील कामें जातीवरून वांटणारे नियम रद्द केले. तेव्हां बंदिवानाच्या हातीं वस्तरा किंवा झाडू त्याची जात पाहून देतां येणार नाहीं.

तुरुंगाधिकाऱ्यांची अडचणहि आपण समजून घेतली पाहिजे. पातें हें शस्त्र आहे. त्यानें दुसऱ्याचा गळा कापतां येतो आणि निराश माणसाला स्वतःची शीरहि. म्हणून पातीं मोजून द्यावीं व मोजून परत घ्यावीं, हें रास्तच होय. परंतु रांगेंतील सर्वांना एकच पातें फिरविणें हा मोठा धोका आहे. कारण काविळीचे ब व क हे प्रकार आणि एच.आय.व्ही. यांचा संसर्ग रक्तावाटे होतो. प्रत्येक माणसाला वेगळें पातें, एवढी सोय खर्चाच्या मानानें अल्प आणि हिताच्या मानानें फार मोठी आहे.

आतां आपल्याकडे पाहूं. २०२२ च्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. पैकीं ४,३४,३०२ म्हणजे चारांतील तीन कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्यापि शाबीत झालेला नव्हता. असा माणूस वाढलेल्या दाढीनें, मळक्या सदऱ्यानें न्यायालयाच्या पायऱ्या चढतो, तेव्हां पाहणारा मनांतल्या मनांत निकाल देऊन मोकळा होतो. न्यायाधीशानें तोंड उघडण्यापूर्वींच आपण त्याला चोर ठरवितों!

बंदिवानाला भेटणें हें दयेचें कार्य आपण लहानपणीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत पाठ केलेलें आहे. तें आचरावयाचें, तर तुरुंगाचे नियम आधीं विचारा आणि परवानगी असेल तें न्या: साबण, फणी, टॉवेल, तारखेच्या दिवसासाठीं धुतलेला सदरा. ज्या घरचा मुलगा आंत आहे, त्या आईला हें सामान जमविण्यास मदत करा. ती लाजेनें आपण होऊन मागणार नाहीं. न्यायासनाला माणसाचें स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार आहे; त्याचा चेहरा मात्र त्याला ईश्वरानें दिलेला आहे. तो त्याच्यापाशीं शाबूत राहावा, इतकी काळजी घेण्याची बुद्धि ईश्वर आपणां सर्वांस देवो.