मतनोंदीचा जाब

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निवडणुकीत उमेदवारावर टीका करण्याच्या वाटा पुष्कळ असतात. त्याचे घराणे, त्याची संपत्ती, त्याची जात, त्याच्याभोवतीची माणसे. आज मी या कुठल्याच वाटेने जाणार नाही. सभागृहात नाव पुकारले गेले तेव्हा हा माणूस ‘हो’ म्हणाला की ‘नाही’, तेवढेच हाती धरून त्याला मत मागायला येताना जाब विचारायचा, त्या टीकेविषयी मला बोलायचे आहे. प्रतिनिधीवर करता येणाऱ्या टीकेत मी हिला सर्वात वरचे स्थान देतो. ती करणाऱ्याला मात्र कष्ट फार पडतात, आणि यशाची हमी नसते. हे समजायला एक उदाहरण नीट उलगडून पाहू.

जेसी हेल्म्स हे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचे रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर. १९७३ ते २००३ अशी तीस वर्षे ते सिनेटमध्ये होते. १९९८ मध्ये आपण पोखरणला अणुचाचण्या केल्या तेव्हा सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष हेच होते आणि भारतावर त्यांनी अतिशय कडक शब्दांत टीका केली, म्हणून आपल्याकडच्या जुन्या वाचकांना नाव आठवत असेल. त्यांच्या राज्यात त्यांची ओळख वेगळी होती. १९६० पासून बारा वर्षे रॉली शहरातल्या दूरचित्रवाणी केंद्रावरून ते संध्याकाळी संपादकीय भाष्य वाचत. त्याच १९६० साली त्याच राज्यात, ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी बसले आणि उठायला नकार देऊन त्यांनी देश हलवला. हेल्म्स यांची वाणी त्या चळवळीविरुद्ध घडली. सिनेटमध्ये त्यांनी इतक्या गोष्टींना विरोध केला की लोक त्यांना ‘सिनेटर नो’ म्हणू लागले, आणि ते नाव त्यांनी अभिमानाने मिरवले.

त्यांच्या मतनोंदीतले एक पान मी आधी उघडतो. १९ ऑक्टोबर १९८३. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनाची राष्ट्रीय सुट्टी असावी, या विधेयकावर मतदान. बाजूने ७८, विरुद्ध २२. त्या बावीसांत हेल्म्स. नुसते ‘नाही’ म्हणून ते थांबले नव्हते. महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी भाषणे लांबवून विधेयक अडवून धरले, किंग यांचे कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा आरोप केला आणि त्यांच्यावरचे कागदांचे एक जाड बाड सदस्यांना वाटले. न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहॅन यांनी ते संतापाने सभागृहाच्या फरशीवर भिरकावले. एफबीआयने किंग यांच्यावर पाळत ठेवून केलेल्या ध्वनिफिती न्यायालयाच्या आदेशाने सीलबंद होत्या. त्या उघडाव्यात म्हणून हेल्म्स न्यायालयातही गेले, आणि न्यायालयाने नकार दिला.

आता त्याच मतदानातले दुसरे नाव पाहा. शेजारच्या साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड. १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध हे गृहस्थ एकटे चोवीस तासांहून अधिक वेळ बोलत उभे राहिले होते. १९८३ मध्ये त्यांनी किंग यांच्या सुट्टीच्या बाजूने मत दिले. त्यांचे मन पालटले होते की राज्यातले कृष्णवर्णीय मतदार वाढले होते, हा वाद इतिहासकारांनी घालावा. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ‘तो काळच तसा होता, दक्षिणेत सगळे तसेच होते’ ही पळवाट या एका नोंदीने बंद होते. तोच पक्ष, शेजारचे राज्य, थर्मंड तर वयाने कितीतरी मोठे, आणि तरी मत वेगळे. मतनोंद वाचायची ती अशी, शेजारचे नाव बघत.

ही नोंद मिळते कुठून? अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्याच कलमात तरतूद आहे की हजर सदस्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली, तर प्रत्येकाचे मत नावानिशी कामकाजाच्या वृत्तात लिहिले गेले पाहिजे. या तरतुदीचे सामर्थ्य हेल्म्स यांच्याइतके फार थोड्यांनी ओळखले असेल. मंजूर होणार नाहीत हे माहीत असूनही ते शाळेतली प्रार्थना, गर्भपात, वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना दूरच्या शाळांत बसने नेणे अशा विषयांवर दुरुस्त्या मांडत आणि नावानिशी मतदान मागत. सदस्य ‘नाही’ म्हणाला की पुढच्या निवडणुकीत ते ‘नाही’ त्याच्याविरुद्धच्या जाहिरातीत झळके. १९८७ मध्ये एड्सविषयीच्या लोकशिक्षणाच्या सरकारी पैशातून समलिंगी संबंधांना उत्तेजन देणारे साहित्य निघू नये, अशी दुरुस्ती त्यांनी आणली. ती ९४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाली. ज्या लोकांमध्ये माणसे सर्वाधिक मरत होती, त्यांच्याशी स्पष्ट बोलणेच त्यामुळे अवघड झाले. विरुद्ध मत देणारे दोघे म्हणजे लोवेल वायकर आणि तेच मॉयनिहॅन. बाकीच्या चौऱ्याण्णवांत हेल्म्सचे कडवे टीकाकारही होते. त्यांना स्वतःच्या मतनोंदीची भीती वाटली. हेल्म्सचा हिशेब मागताना या चौऱ्याण्णव मतांचाही हिशेब मागितला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

१९८४ मध्ये हेल्म्स यांच्यासमोर उभे राहिले राज्याचे लोकप्रिय गव्हर्नर जिम हंट. दोघांचा मिळून अडीच कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. तोवर सिनेटची इतकी महागडी निवडणूक झाली नव्हती. सुरुवातीच्या पाहण्यांत हंट चांगलेच पुढे होते. हंट यांनी हेल्म्स यांच्या नोंदीवर बोट ठेवले. आणि हेल्म्स यांनी काय केले? आपली मते त्यांनी लपवली नाहीत, उलट तीच पुढे केली. मी कुठे उभा आहे हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही कुठे उभे आहात ते सांगा, अशा अर्थाचा सवाल ते प्रत्येक जाहिरातीतून हंट यांना टाकत राहिले. किंग यांच्या सुट्टीला केलेला विरोध देशभर निंद्य ठरला, पण राज्यातल्या अनेक गोऱ्या मतदारांत त्याच विरोधाने त्यांना बळ दिले. तिकडे हंट यांचा तोल एका ठिकाणी गेला. एल साल्वादोरमधल्या उजव्या हत्यारी टोळ्यांशी हेल्म्स यांचा संबंध जोडणारी, मृतदेह दाखवणारी जाहिरात त्यांनी काढली आणि ती त्यांच्यावरच उलटली. नोंदीवर बोलत होते तोवर हंट यांचा पाय भक्कम जमिनीवर होता. निकाल लागला सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्के. हेल्म्स जिंकले.

तंबाखूचे शेतकरी त्यांच्यामागे का राहिले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कृषी समितीचे अध्यक्षपद सोडणार नाही, असा शब्द त्यांनी त्या निवडणुकीत दिला होता. निवडणुकीनंतर परराष्ट्र समितीचे अध्यक्षपद समोर चालून आले, तरी त्यांनी तो शब्द पाळला. ज्या मतदाराला प्रतिनिधीने दिलेला शब्द पाळलेला दिसतो, त्याला त्याची बाकीची पाने उलटायला लावणे फार कठीण असते.

१९९० ची निवडणूक मला अधिक अस्वस्थ करते. समोर हार्वे गँट होते. व्यवसायाने वास्तुरचनाकार, शार्लट शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, आणि १९६३ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन महाविद्यालयात प्रवेश मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्यांनी शिक्षण, आरोग्य, पर्यावरण या विषयांवरची हेल्म्स यांची मते मतदारांसमोर मांडली. नोंद ताजी होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एड्सच्या रुग्णांना उपचार आणि मदत देणारे रायन व्हाइट विधेयक सिनेटने ९५ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केले होते. त्या चौघांत हेल्म्स. हा रायन व्हाइट म्हणजे इंडियानातला हिमोफिलियाचा रुग्ण, दूषित रक्तघटकातून एड्स झालेला आणि त्यामुळे शाळेने प्रवेश नाकारलेला मुलगा. अठराव्या वर्षी, मतदानाच्या महिनाभर आधी तो गेला होता. ऑक्टोबरात अध्यक्ष थोरले बुश यांनी नागरी हक्क विधेयक नाकारले. तो नकार मोडायला सिनेटमध्ये ६७ मते हवी होती, पडली ६६. एका मताने विधेयक बुडाले, आणि बुडवणाऱ्या चौतिसांत हेल्म्स होते.

हे मत त्यांच्याविरुद्ध जायला हवे होते. काही पाहण्यांत गँट पुढेही होते. तेव्हा शेवटच्या दिवसांत ती कुप्रसिद्ध जाहिरात आली. पडद्यावर गोरे हात, हातात नोकरी नाकारल्याचे पत्र, हात ते पत्र चुरगाळतात, आणि निवेदक सांगतो की नोकरी तुमच्याच हक्काची होती, पण वर्णाच्या कोट्यामुळे दुसऱ्याला द्यावी लागली. विधेयक कोटा लादते हा आरोप त्याच्या समर्थकांनी पुन्हा पुन्हा फेटाळला होता. त्याखेरीज राज्यातल्या सव्वा लाख पत्त्यांवर, बहुतांशी कृष्णवर्णीय मतदारांना, पोस्टकार्डे गेली. घर बदलले असेल तर तुमचे मत ग्राह्य धरले जाणार नाही, खोटी माहिती दिलीत तर तुरुंगवास होईल, असा धाक त्यांत होता. केंद्रीय न्याय विभागाने राज्यातला रिपब्लिकन पक्ष आणि हेल्म्स यांची प्रचार समिती यांच्यावर खटला भरला. दोष कबूल न करता १९९२ मध्ये तडजोडीने तो मिटला.

आता मागे जाऊन १९८२ चे पान पाहा. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे रक्षण करणाऱ्या कायद्याला मुदतवाढ देण्याचे विधेयक सिनेटने ८५ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केले, तेव्हा ते अडवून धरणाऱ्यांत हेल्म्स अग्रभागी होते. १९८२ चे मत आणि १९९० ची पोस्टकार्डे शेजारी ठेवली की सभागृहातल्या एका ‘नाही’चा अर्थ मतदाराच्या दारात काय होतो, ते दिसते. गँट यांना ४७ टक्क्यांच्या वर मते मिळाली. ते हरले. पुढच्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा ९३ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. पाचांत हेल्म्स होतेच.

नोंदीवरची टीका कधीच जिंकत नाही, असे मात्र नाही. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियात बॉब केसी यांनी सिनेटर रिक सँटोरम हे अध्यक्ष धाकटे बुश यांच्या बाजूने ९८ टक्के वेळा मत देतात, हा एकच आकडा लावून धरला आणि मोठ्या फरकाने विजय मिळवला. पण त्या आकड्यातून मतदाराला काय कळले? कोणत्या मताने कुणाचे औषध थांबले, कुणाची नोकरी गेली, काहीच नाही. टक्केवारी प्रचाराला सोयीची असते. हंट आणि गँट यांनी हरूनही एकेका मतावर बोट ठेवून जे मांडले, ते मला अधिक मोलाचे वाटते. त्याच नोंदी इतिहासकारांना पुढे उपयोगी पडल्या. २००२ मध्ये, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, आफ्रिकेत आईकडून बाळाला होणारा एड्स रोखण्यासाठी पन्नास कोटी डॉलर द्यावेत असा लेख खुद्द हेल्म्स यांनी लिहिला, तेव्हा तो बदल किती मोठा होता हेही जुन्या नोंदीमुळेच मोजता आले.

श्रोतेहो, इथे आपल्या घराकडे वळणे भाग आहे. हेल्म्स यांना जसा जाब विचारता आला, तसा आपल्या खासदाराला आपण विचारू शकतो का? १९८५ मध्ये घटनेत पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले. आयाराम-गयारामांनी सरकारे पाडण्याचा धंदा मांडला होता, त्याला आवर घालणे गरजेचे होते, हे मी मान्य करतो. पण पक्षाचा व्हिप मोडून मत दिले तर सदस्यत्व जाते, अशी व्यवस्था झाल्यावर मत सदस्याचे राहत नाही, पक्षाचे होते. जनता सरकारने १९७८ मध्ये पक्षांतरबंदीचे विधेयक आणले, तेव्हा पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधून निवडून गेलेले मधू लिमये सत्ताधारी पक्षात असूनही त्याच्या विरोधात उभे राहिले. व्हिपची सक्ती विश्वासदर्शक ठराव आणि अर्थविधेयके यांसारख्या सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरतीच ठेवावी, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये केली. ती अमलात आलेली नाही.

आणि बहुतेक कायदे तर आवाजी मतदानाने होतात. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीची दोन विधेयके आली. विरोधी सदस्यांनी मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचे मत नोंदवणारे मतदान, मागितली. मागणारे सदस्य आपापल्या जागेवर नव्हते, असे कारण देऊन पीठासीन अधिकाऱ्यांनी ती नाकारली आणि गोंधळात आवाजी मतदान झाले. पुढे वर्षभर दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले आणि २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले. कांदा, ऊस, सोयाबीन पिकवणाऱ्या महाराष्ट्रातून राज्यसभेत एकोणीस सदस्य जातात. त्या दिवशी त्यांतला कोण ‘होय’ म्हणाला आणि कोण ‘नाही’, हे नावानिशी सांगणारा एकही कागद संसदेच्या दप्तरात नाही. उद्या मत मागायला येणाऱ्या पक्षाला, उमेदवाराला आपण पहिला प्रश्न हाच विचारावा: मतविभागणी मागितली गेली तर ती नाकारण्याचा अधिकार काढून घेणाऱ्या नियमाला तुम्ही पाठिंबा द्याल का, आणि व्हिपची सक्ती गोस्वामी समितीने सांगितली तेवढ्यापुरती आणाल का? उत्तर लेखी घ्यावे, आणि पाच वर्षे जपून ठेवावे.