रांगोळीतला मुंगीचा वाटा

अन्न टाकू नये, हे आपल्या प्रत्येकाला लहानपणी कुणी ना कुणी बजावलेलं असतं. आमच्या घरांतून भाकरीचा तुकडा खाली पडला, तर तो उचलून, ओठांना लावून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ठेवतात. शेजारच्या घरात अन्नाला पाय लागला, तर हात जोडतात. रीत निराळी, भाव एकच. मग याच अन्नाचं कुणी चित्र केलं, शिल्प केलं, तर ते योग्य की अयोग्य?

‘नासाडी’ एवढं म्हणून निकाल लावता येईल. पण मग तामिळनाडूतल्या बायकांचं काय करायचं? पहाटे अंगण सारवून त्या तांदळाच्या पिठाचं कोलम काढतात. दिवसभरात मुंग्या आणि पाखरं ते टिपून नेतात. चित्र पुसट होत जातं, पीठ मात्र कुणाच्या तरी पोटात जातं. आपल्याकडे रांगोळी शिरगोळ्याच्या भुकटीची. कोकणात भाताची तुसं जाळूनही ती करत. म्हणजे तांदूळ आधी माणसाच्या ताटात गेला आणि दारात आलं ते त्याचं फोलपट. एका रीतीनं मुंगीचा वाटा ठेवला, दुसरीनं माणसाचा. दोन्हीकडे चित्र काढण्याआधी भुकेचा विचार झालेला आहे.

असाच विचार दूर अमेरिकेतही सापडतो. फेलिक्स गोन्झालेस-टोरेस या कलावंताचा जोडीदार १९९१ साली एड्सनं गेला. त्याच वर्षी फेलिक्सनं त्याच्या स्मरणार्थ एक कलाकृती केली. रंगीत कागदांत गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग, वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ८० किलो. बघायला येणाऱ्यानं त्यातली गोळी उचलायची आणि खायची. ढीग कमी होतो, आजारात माणूस झिजावा तसा. संग्रहालय तो पुन्हा भरू शकतं. इथं अन्न खाल्लं गेलं, तरच कलाकृती पूर्ण होते.

आता दुसरी बाजू. मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलावंतानं २०१९ मध्ये मायामीच्या कलामेळ्यात एक केळं चिकटपट्टीनं भिंतीला लावलं. ते १ लाख २० हजार डॉलरना विकलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात याच कलाकृतीच्या एका प्रतीला ६२ लाख डॉलर मिळाले आणि घेणाऱ्यानं ते केळं खाऊनही टाकलं. नासाडी झाली नाही. तरीही मनात काहीतरी सलतं. कारण लिलावासाठीचं ते केळं रस्त्यावरच्या एका फळविक्रेत्याकडून ३५ सेंटना आणलेलं होतं. ज्यानं पिकवलं आणि ज्यानं विकलं, त्यांच्या हाती या ६२ लाखांतलं काय आलं? म्हणजे प्रश्न केवळ अन्न वाया जाण्याचा नाही, त्यामागच्या कष्टांचाही आहे.

आपल्याकडे जयंतीला, नेत्यांच्या वाढदिवसाला मैदानभर धान्याची चित्रं काढतात. विक्रम होतात, गर्दी होते. कलावंतांची मेहनत खरी असते, लोकांचा आनंदही खरा असतो. पण एक साधा हिशेब करून पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य ठरवून दिलं. म्हणजे एक क्विंटलचं चित्र हे वीस माणसांचं महिन्याचं रेशन झालं. हे धान्य स्वच्छ कापडावर कोरडं पसरलं आणि दुसऱ्या दिवशी गोळा करून, निवडून एखाद्या वसतिगृहात पोचवलं, तर कुणाचं काहीच गेलं नाही. पण एकदा त्याला डिंक आणि रंग लागला, की ते माणसाला चालत नाही आणि पाखरालाही नाही.

भूक दाखवायला अन्नच लागतं असंही नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात अंदाजे तीस लाख माणसं गेली. त्या वेळी झैनुल आबेदीन कलकत्त्याच्या रस्त्यांवर ती माणसं चितारत होते. कागद स्वस्तातला आणि शाई कोळशापासून स्वतः केलेली. त्या चित्रांत दाणासुद्धा खर्ची पडला नाही.

मी कवी. ‘भाकरी’ हा शब्द लिहायला मला पीठ लागत नाही. पण म्हणून आम्ही कवी या प्रश्नातून सुटत नाही. उपाशी माणसाची भाकरी आमच्या कवितेत येते, सभेत टाळी घेते, कधी मानधनही आणते. त्यातलं त्या माणसापर्यंत काय पोचतं, हे आम्हालाही कुणीतरी विचारलं पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी असं धान्याचं चित्र बघायला गेलात, तर कलावंताला मनापासून दाद द्या. आणि निघताना संयोजकांना विचारा, “उद्या हे धान्य कुठं जाणार?” पत्ता तयार असेल, तर मुलांनाही ते चित्र दाखवायला न्या. तो नसेल, तर तुमचा प्रश्न ऐकून तरी तो शोधला जाईल.