उत्सव पुन्हा जोडताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझे वडील मागावर चादरी विणायचे. संक्रांत जवळ आली, की एक दिवस माग लवकर थांबवून ते मला खांद्यावर बसवत आणि सिद्धेश्वरांचे नंदीध्वज पाहायला नेत. बाराबंदी घातलेले मानकरी ती उंच काठी तोलत पुढे सरकत. मी श्वास रोखून बघत असे.

हे आठवलं ते ग्रीस देशाविषयी वाचताना. अथेन्स शहरात अडीच हजार वर्षांपूर्वी अथेना देवीचा पॅनाथेनिया नावाचा उत्सव होत असे. ही देवी विणकरांची. तिच्या नव्या वस्त्रासाठी नऊ महिने आधी मागावर ताणा लावत. दर चार वर्षांनी मोठी मिरवणूक निघे आणि हे वस्त्र शिडासारखं जहाजाच्या डोलकाठीवर लावून नेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोशियसनं जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आणली आणि असे उत्सव मोडले.

आज ग्रीसमध्ये आणि बाहेरही काही माणसं त्या देवांना पुन्हा पुजतात. ग्रीक सरकारनं २०१७ साली त्यांच्या धर्माला मान्यताही दिली. पण उत्सव करायचा कसा? तिथी चंद्रावर चालणार, सुटी मात्र रविवारी. पूर्वी गुरांचे बळी देत. आता त्या जागी फळं, मध, धूप ठेवतात. मला यात काही वावगं वाटत नाही. काळाप्रमाणे देवाचा नैवेद्यही बदलतो.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अथेन्समध्ये राहणाऱ्या परक्यांना नागरिकत्व नव्हतं, मतही नव्हतं. तरी त्या मिरवणुकीत मधाची आणि पोळ्यांची ताटं घेऊन ते चालत. ही काही बरोबरी नव्हे, हे खरंच. पण निदान त्यांच्या हातात ताट होतं. पोथ्या वाचून उत्सव पुन्हा उभा करताना देवीचं नाव सापडेल, तिथी सापडेल. हे ताट कुणाच्या लक्षात राहील का?

आपली यात्रा बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची. त्यांच्याशीच लग्न करायचं, असा एका कुंभारकन्येनं हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला, अशी कथा आहे. त्याच लग्नाच्या अक्षता आजही संमती कट्ट्यावर पडतात. सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. रस्ते बदलले, डोक्यावर विजेच्या तारा आल्या, तरी काठी निघते. कारण ती उचलणारी घरं आहेत आणि वाटेवर तिची वाट पाहणारी माणसं आहेत.

२०२१ साली करोनामुळे यात्रा अगदी मर्यादित स्वरूपात झाली. त्या दिवशी घरात बसून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेजाऱ्यानं विचारलं, "तुम्हाला काय त्याचं?" मला चटकन उत्तर सुचलं नाही.

आज सुचतं. समजा, ही यात्रा हजार वर्षं खंडित झाली आणि मग कुणी ती पुन्हा सुरू करायला निघालं, तर अडुसष्ट लिंगं त्याला पुस्तकात सापडतील, नंदीध्वजांची संख्याही सापडेल. पण पोराला खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला उभा असलेला एक मुसलमान विणकर त्याला कुठे सापडेल? त्याच्यासाठी जागा ठेवा, एवढंच माझं सांगणं.