मानेवरचा काळा पट्टा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. ती वाटचाल तुम्हाला ठाऊकच आहे. दहावी झाले तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, १ मे १९९९ ला हिंगोली झाला, तोवर मी इंजिनिअरिंगला गेले होते. पुढे पुणे, आणि वीस-बावीस वर्षं खुर्चीवर बसून काम. त्यात सांगण्यासारखं फार नाही. मला माझ्या मुलाबद्दल बोलायचंय आणि आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल. दोघांनाही विचारून आले आहे.

मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसायला लागला. मला वाटलं, मळ. रोज आंघोळीला मी मान घासायचे. बेसन लावून झालं, लिंबू झालं. पोरगं रडायचं, मी चिडायचे. एकदा सर्दीसाठी डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी सर्दी राहू दिली आणि आधी मान पाहिली. म्हणाले, "ताई, हा मळ नाही. घासून जायचा नाही."

अंगात चरबी वाढली की इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते आणखी तयार करतं. त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे मानेची, काखेची कातडी जाड आणि काळी पडते. पुढे मधुमेह होऊ शकतो, याची ती खूण. सोनोग्राफी केली, यकृतावर चरबी निघाली. नऊ वर्षांच्या लेकराच्या यकृतावर! आमच्या घरात दारूला कुणी शिवलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी लेकराची मान घासत असेल तर आज घासणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. मला एवढं सांगायला मिळालं तरी पुरे.

घरी आले आणि पहिला राग आईवर काढला. नातवाच्या ताटात तूप तीच वाढायची, 'अजून एक खा रे राजा' तीच म्हणायची. कुणी वजनाचं बोललं की म्हणायची, "खात्यापित्या घरचं लेकरू आहे, दृष्ट लावू नका." पण माझी आई १९७२ च्या दुष्काळात चौदा वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिनं खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय, ती लाल मिलो ज्वारी खाल्लीय. तिच्या नजरेत गुबगुबीत लेकरू म्हणजे संकट टळलं. तिला मी कोणत्या तोंडाने 'कमी वाढ' म्हणू?

नंतर वाचताना कळलं की आपल्या हाडामांसातही तसंच काहीतरी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास करत आलेत. तिथल्या बाळांची त्यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिथलं ३.५ किलोचं. पण आपल्या बाळात कमी होतं ते मांस. चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी धरून ठेवणारं. अशा लेकरावर पुढे भराभर वजन चढलं की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे किडमिडीत जन्मलेल्या बाळाला आपण ठासून भरवतो, तिथेच सांभाळायला हवं.

आणि हे फक्त पुण्या-मुंबईचं दुखणं राहिलेलं नाही. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ ला २.१ टक्के होतं, २०१९-२१ ला ३.४ झालं. आकडा लहान दिसतो, पण चार-पाच वर्षांत तो दीडपट झालाय. कुपोषणही संपलेलं नाही, ते इथल्या शिक्षकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. आपल्या वेळी शाळेबाहेर बोरं, चिंचा, पेरू मिळायचे. काल कयाधूच्या पुलावरून येताना गाडी थांबवली, तर टपरीवर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा. शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत असलं जास्त तेल, मीठ, साखरेचं विकू नये असा नियम २०२० मध्ये झालाय. सरांनी मनावर घेतलं तर एक टेप आणून मोजता येईल.

आता आमच्या घरात काय केलं ते सांगते. प्रोग्रॅम बिघडला की आम्ही आधी लॉग बघतो, म्हणजे नेमकं कधी काय झालं त्याची नोंद. तशी मी पंधरा दिवस घरातल्या खाण्याची नोंद केली. मला आईचं तूप पकडायचं होतं. सापडले ते माझेच उद्योग. पंधरा दिवसांत बाहेरून मागवलेलं जेवण अकरा वेळा, सगळं माझ्या फोनवरून, मीटिंग लांबली म्हणून. रोज शाळेतून आला की थंड पेयाची बाटली, मीच आणून ठेवलेली. तसल्या ३०० मिलीच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर असते. रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही, कारण आम्ही बघत होतो. तूप त्या यादीत फार खाली होतं. आईची माफी मागितली. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं," पण आठवडाभर खुशीत होती.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती: मुलाला डाएटवर टाकायचं नाही. त्याची उंची वाढतेय, वजन आहे तिथे थोपवलं तरी हळूहळू जमून येईल. म्हणून नियम केले ते घराला केले. बाटल्या आणणं बंद, सगळ्यांसाठी. जेवताना फोन-टीव्ही बंद, त्याच्या बाबांचासुद्धा (हे सर्वात अवघड गेलं). आईला म्हटलं, तुला जे येतं तेच कर. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, पिठलं, पालेभाजी. साडेनऊला दिवे बंद. संध्याकाळी तासभर खाली खेळायचं.

आणि इथेच अडलं. तो खाली जाईना. महिन्याभराने बोलला. खाली मुलं त्याला 'डंपर' म्हणायची.

त्या रात्री मला आपला वर्ग आठवला. आपणही एकाला नाव ठेवलं होतं. ते नाव मी इथे घेणार नाही, तुम्हीही मनात घेऊ नका. ते ठेवणाऱ्यांत मी पुढे होते, फळ्यावर चित्रसुद्धा काढलं होतं. गेल्या वर्षी त्याला फोन केला आणि माफी मागितली. तो हसला. मग म्हणाला, "पीटीच्या तासाला मी पोट दुखतं म्हणून वर्गात बसायचो, आठवतंय? काही दुखत नव्हतं." खेळायची सर्वात जास्त गरज ज्याला होती, त्याला आपण मैदानावरून हाकललं. मी विचारलं, हे मेळाव्यात सांगू का? म्हणाला, सांग, पण माझ्याकडे बघू नकोस.

म्हणून मी आत्ता खिडकीकडे बघतेय.

मुलगा आता सकाळी माझ्याबरोबर सायकल चालवतो, खाली अजून जात नाही. मानेवरचा पट्टा थोडा फिका झालाय. यकृताची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, धाकधूक आहे.

तो आज आलाय, मागच्या रांगेत आजीशेजारी बसलाय. बाहेर जेवणात जिलेबी आहे, वास आलाय मला. तोही खाईल, मीही खाणार आहे. किती खाल्ली ते कुणी मोजू नका आणि पोटाकडे बघून काही बोलू नका. जेवण झाल्यावर मैदानावर लगोरी मांडणार आहोत. सरांनी पंच व्हायचं कबूल केलंय.