पालावरची तीन पुस्तकं
(कडेगाव येथील बैठकीत केलेले भाषण)



आवडत्या पुस्तकांवर बोलायचं ठरलं तेव्हा काही जण हसले. म्हणाले, पारध्याच्या पालावर कसली पुस्तकं? पण आहेत. तीन आहेत. रात्री चिमणीच्या उजेडात एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात.

पहिलं 'फकिरा', १९५९ सालचं. लिहिणारे अण्णाभाऊ साठे आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे. हजेरीचा भाग आला की आमची म्हातारी माणसं वाचणाऱ्याला थांबवतात आणि स्वतःचं सांगायला लागतात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पुढं तो मांगांवर लावला, आम्हा पारध्यांवरही लावला. १९५२ ला कायदा गेला, तरी गावात चोरी झाली की गाडी आधी पालावर येते. कागदात आम्ही गुन्हेगार, फकिराच्या पुस्तकात मात्र माणूस. म्हणून ते आवडतं.

दुसरं लक्ष्मण माने यांचं 'उपरा', १९८० सालचं. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरत शिकलेल्या कैकाड्याच्या पोराची ही हकिकत. बाया म्हणतात, हे तर आपलंच, नुसती जात बदलली.

तिसरं गोदावरी परुळेकर यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो', १९७० सालचं. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५ साली एकजूट केली आणि जमीनदारांची वेठ मोडली, त्याची ही गोष्ट. ते वाचून संपलं तेव्हा एका आजीनं विचारलं, "मग जमीन त्यांच्या नावावर झाली का रं?" आम्ही गप्प झालो. वेठ मोडली, पण जमिनीची लढाई पुढं लई वर्षं चालली, एवढंच सांगितलं.

आजीचा प्रश्न आपलाच आहे. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून गायरान कसणाऱ्या मागासवर्गीयांच्या नावावर ते करावं, असा २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारचा निर्णय आहे. पण कचेरीत पुरावा मागतात. आपण म्हणतो, ही बाभळ बापानं लावली. साहेब विचारतो, लिहिलेलं कुठाय? अतिक्रमणाचा दंड भरला त्याची पावती म्हणजे पक्का पुरावा, आणि आमच्या एकानं त्या पावतीत तंबाखू बांधली!

आपलं कुणीतरी लिहिलं म्हणून ही तीन पुस्तकं आपल्यापर्यंत आली. आता गायरानाचं आपण लिहायचं. प्रत्येक पालानं एक वही करावी. कुणी कसलं, कोणत्या सालापासून, पीक काय घेतलं, चतुःसीमा काय, साक्षीला कोण, सगळं लिहावं. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून वदवून घ्या, खाली अंगठा घ्या. लिहिता येत नसेल तर आम्ही येतो.

पुढच्या बैठकीला वही आणि पावत्या घेऊन या. बिऱ्हाड आता हलवायचं नाही.

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!