किण्वाला हवा कशाला ?

इंग्लंडांत घरीं बिअर करण्यावर १८८० सालीं घातलेलें परवान्याचें बंधन १९६३ सालीं उठलें, आणि तेथील घरांघरांत हा जुना उद्योग पुन्हां मोकळेपणानें सुरू झाला. मोड आणून वाळविलेले जव ऊन पाण्यांत मुरवून गोड रस काढावयाचा, हॉपच्या फुलांसह तो सुमारें तासभर उकळावयाचा, व निवल्यावर त्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, घालावयाचें, ही त्याची रीत. परंतु किण्व घालण्याच्या वेळीं जाणता गृहस्थ तो निवलेला रस उंचावरून दुसऱ्या भांड्यांत ओततो, किंवा फेंस दाटेपर्यंत भांडें जोरानें हालवितो.

हा खटाटोप कशासाठीं ? फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यानें १८७६ च्या आपल्या बिअरविषयक ग्रंथांत, आंबणें म्हणजे हवेवांचून चाललेलें जीवन होय, असें प्रतिपादिलें. मग रसांत हवा कालवावयाची कां ?

दीर्घकाळ हवेवांचून राहिलेलें किण्व थकतें, हें पाश्चरलाही दिसलें होतें. त्याचें मर्म १९५३-५४ सालीं आंद्रेआसेन व स्टायर यांच्या प्रयोगांनीं उलगडलें. किण्वाच्या पेशीचें आवरण ज्या स्निग्ध द्रव्यांचें बनतें, त्यांतील कांहीं प्राणवायूवांचून तिला तयार करतांच येत नाहींत. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार होतांना हा सांठा वांटला जातो. तो सरला, कीं वाढ खुंटते, दुबळ्या आवरणास मद्यार्क सोसत नाहीं, आणि साखर शिल्लक असतांच आंबणें अर्ध्यावर थांबतें.

उकळींत रसांतील हवा निघून जाते. म्हणून ती पुन्हां भरावी लागते. नुसत्या हवेनें निवलेल्या रसांत लिटरमागें सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु मुरतो. किण्व तो कांहीं तासांतच शोषून घेतें. प्रवासास निघतांना बांधून घ्यावयाची ही शिदोरीच होय.

मात्र वेळ चुकतां कामा नये. कढत रस घुसळला तर प्राणवायु थोडाच मुरतो, आणि रंग व चव बिघडतात. आंबणें संपल्यावर हवा लागली तर बिअर शिळी लागते, क्वचित् आंबटही होते.

हल्लीं पुडींतून मिळणाऱ्या कोरड्या किण्वांत ही शिदोरी बहुधा कारखान्यांतच भरलेली असते. त्यामुळें पहिल्या खेपेस हवा कमी पडली तरी भागतें. परंतु तळाशीं राहिलेलें तेंच किण्व दुसऱ्या खेपेस वापरावयाचें असेल, तर घुसळण्याचा आळस करून चालत नाहीं.